पणजोबांच्या नावाचं खोटं पोस्टकार्ड

माझे पणजोबा १०३व्या मराठा पलटणीत होते. १९१९च्या हिवाळ्यात पलटण वझिरिस्तानात, म्हणजे अफगाण सरहद्दीजवळच्या डोंगराळ मुलखात, टांक-जंडोलाच्या बाजूला होती. तिथून त्यांनी खेड तालुक्यातल्या घरी लिहिलेली अकरा पत्रं आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, सगळी मोडी लिपीत. पाकीट मात्र एकही उरलेलं नाही. त्या पाकिटांपायीच मी सरहद्दीच्या टपालाच्या नादी लागलो. फील्ड पोस्ट ऑफिसच्या, म्हणजे फौजेबरोबर फिरणाऱ्या टपाल कचेरीच्या शिक्क्यावर गावाचं नाव नसतं, नुसता नंबर असतो, आणि फौज पुढे सरकली की तोच नंबर पुढच्या तळावर जातो. नंबर आणि तारीख जुळवली की माणूस त्या दिवशी कुठे होता ते कळतं. पणजोबांचा तसा एक तरी दिवस मला हवा होता.

हे सगळं मी जुन्या टपालाच्या एका व्यापाऱ्याला मोकळेपणी सांगितलं. हस्ताक्षर ओळखता यावं म्हणून त्याने पत्रांचे फोटो मागितले. मी अकराही पाठवले. तीन महिन्यांनी त्याचा फोन आला, "साहेब, तुमच्याच घरचं कार्ड हाती लागलंय." अठरा हजार रुपये. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, संध्याकाळपर्यंत सांगा. मी तासाभरात पैसे पाठवले.

कार्ड आलं तेव्हा आत्याला वाचून दाखवलं. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. 'आंब्यास मोहर कसा आहे ते कळविणे' हे ऐकून ती रडायला लागली. पैशांपेक्षा मला त्या रडण्याचा जास्त राग येतो.

दोन महिन्यांनी मोडी शिकवणाऱ्या सरांना कार्ड दाखवलं. त्यांनी जुनी पत्रं मागितली. आंब्याचं वाक्य आमच्या चौथ्या पत्रातलं निघालं. दोन्ही फोटो एकावर एक ठेवले तर अक्षर न् अक्षर बसलं. शाई संपून टाक पुन्हा बुडवल्याची जागासुद्धा तीच!

मग बाकीचंही दिसायला लागलं. शिक्का डिसेंबर १९१९चा, पण पाठवणाऱ्याच्या पत्त्यात 'फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्री'. हे नाव आलं फौजेच्या १९२२च्या फेररचनेत. १०३वी तिची पहिली बटालियन झाली. कार्डावर छापील किंमत अर्धा आणा. १९१९ला पोस्टकार्ड पाव आण्याला मिळायचं, अर्धा आणा झाला तोही १९२२लाच. म्हणजे कार्ड जुनंच, पण कोरं. तशी कोरी कार्डं स्वस्तात मिळतात. शिक्का आणि मजकूर आताचे. या दोन्ही तारखा मला पाठ होत्या, पण कार्ड हातात आलं तेव्हा मला फक्त आंब्याचं वाक्य दिसलं.

पैसे परत मागितले तर "जुना माल परत घेत नाही" म्हणाला, नंतर फोन उचलणंच बंद केलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर तक्रार नोंदवली, पण तोवर बराच उशीर झाला होता. पैसे गेल्या गेल्या फोन केला तरच रक्कम थांबवता येण्याची आशा असते.

आत्याला खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग आपली पत्रं आता त्याच्याकडे आहेत." तेच खरं आहे. फोटो अजून त्याच्याकडेच आहेत आणि उरलेल्या दहा पत्रांत आणखी पुष्कळ वाक्यं आहेत. वझिरिस्तान, मराठा पलटण, मोडी मजकूर, खेड तालुका असं कार्ड कुणी विकायला दाखवलं, तर पैसे देण्याआधी छापील किंमत आणि पलटणीचं नाव शिक्क्याच्या तारखेशी ताडून बघा. आणि मला कळवा, चौथं सोडून बाकीची दहा पत्रंही मी ताडून देईन.