शब्द जोडून इंग्रजी बोलण्याचा सराव : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

माझे शिक्षण पुण्यात मराठी माध्यमात झाले. इंग्रजी व्याकरणाची भीती कधी वाटली नाही, परंतु हिंजवडीतील नोकरीत ब्रिटनमधील ग्राहकांशी रोज बोलताना 'चेक इट आउट' हे साधे वाक्य 'चेकिटाउट' असे कानावर पडले की मी गोंधळून जात असे. कागदावर शब्दांमध्ये जी मोकळी जागा दिसते, ती बोलण्यात नसतेच. म्हणून गेले आठ महिने मी 'यूग्लिश' हे संकेतस्थळ वापरत आहे. तेथे एखादा शब्दसमूह टाइप केला की यूट्यूबवरील ज्या चित्रफितींत तो उच्चारला गेला आहे, त्या नेमक्या त्या ठिकाणापासून सुरू होतात. ब्रिटिश किंवा अमेरिकी उच्चार निवडता येतो आणि वेगही कमी करता येतो.

कंपनीच्या बसमध्ये ऐकायचे, घरी गच्चीवर मोठ्याने म्हणायचे आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून पडताळायचे, असा माझा क्रम आहे. पहिले दोन महिने वाया गेले, कारण मी भरभर बोलण्यालाच जोडून बोलणे समजत होतो. वेग निम्मा करून ऐकल्यावर उमगले की 'पिक इट अप'मधील 'क' आणि 'ट' पुढच्या स्वराला जाऊन मिळतात व 'पि-कि-टप' असे तीन तुकडे पडतात. हे संथ बोलतानाही घडते.

मराठी माणसाला यात नवे वाटावे असे फारसे नाही. 'करतो आहे'चे 'करतोय' आपण रोजच करतो. 'गो ऑन' म्हणताना मध्ये 'व' आणि 'आय आस्क' म्हणताना 'य' डोकावतो, तेव्हा शाळेतील 'सु' अधिक 'आगत' म्हणजे 'स्वागत' आणि 'इति' अधिक 'आदि' म्हणजे 'इत्यादि' आठवतात. फरक एवढाच की संधीत 'य' आणि 'व' स्वराची जागा घेतात, तर येथे ते दोन स्वरांच्या मध्ये उभे राहतात. 'डिड यू'चे 'डिजू' होताना मात्र 'ड' आणि 'य' मिळून 'ज' होतो.

'र'ची गोष्ट मात्र उलटी आहे. दक्षिण इंग्लंडच्या प्रचलित उच्चारात 'फार'मधला शेवटचा 'र' लोपतो आणि 'फार अवे' म्हणताना परत येतो. आपण तो सर्वत्र उच्चारतोच, त्यामुळे ही जोडणी आपल्याला आयतीच मिळते. 'लॉ अँड ऑर्डर'मध्ये काही जण जो नसलेला 'र' घालतात, तो मी उचलला नाही व उचलण्याची गरजही वाटत नाही. सर्वाधिक वेळ गेला तो दुबळ्या शब्दांवर : 'कप ऑफ टी'मधील 'ऑफ'चा केवळ 'अ' उरतो आणि मराठी कानाला चक्क 'कपटी' ऐकू येते.

मध्यंतरी गुण देणारे एक सशुल्क ॲपही घेतले होते. 'नेक्स्ट डे' स्वाभाविकपणे 'नेक्स डे' म्हटले की ते गुण कापत असे, म्हणून महिन्याभरात बंद केले.

ऐकण्यातला फरक चौथ्या महिन्यापासून जाणवू लागला. बोलण्यातला बराच कमी आहे. तारखा, रकमा आणि नावे मी आजही मुद्दाम सुटी उच्चारतो, कारण 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतील घोटाळा परवडणारा नसतो. 'टेल हिम'चे 'टेलिम' मला आता लगेच कळते, मात्र स्वतः बोलताना तो 'ह' अजून सुटत नाही.