फाइल आमच्या नावाची, ईमेल एजंटचा : कॅनडा पीआरच्या नावाखाली झालेली फसवणूक

कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवानगीसाठी, कुणा कन्सल्टंटकडे पैसे भरले असतील, तर आज एकच गोष्ट तपासा. तुमच्या अर्जात ईमेल आयडी कुणाचा टाकला आहे? आमच्या अर्जात तो एजंटचा होता. त्यामुळे माझ्या नवऱ्यावर कॅनडाने पाच वर्षांची बंदी घातली, हे आम्हाला कित्येक महिने कळलंच नाही. साडेसात लाख रुपये गेले, ते आज ना उद्या भरून काढू. पण सरकारी नोंदीत त्याच्या नावापुढे ‘खोटी माहिती दिली’ असा शेरा बसला आहे, आणि त्या खोट्यातलं एक अक्षरही त्याने लिहिलेलं नाही.

आम्ही चिंचवडला राहतो. नवरा मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी बघतो. मी बी.कॉम., एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स सांभाळते. २०२३ च्या उन्हाळ्यात पुण्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये कॅनडाचा मोफत सेमिनार होता. तिथून आम्हाला ऑफिसात बोलावलं. ऑफिस चकाचक, भिंतीवर फ्रेममध्ये इमिग्रेशन कन्सल्टंटचं लायसन्स, त्यावर ‘आर’ आणि पुढे सहा आकडे. समोरचा मुलगा अदबीने बोलणारा. “सर, तुमचं प्रोफाइल स्ट्राँग आहे. ताई, तुम्ही फक्त कागद आणून द्या, बाकी सगळं आमच्यावर सोडा.”

त्यांनी हातात एक छापील कागद दिला. एक्स्प्रेस एन्ट्री या पीआरच्या सरकारी ऑनलाइन योजनेत गुणांवर निवड होते, त्या गुणांना सीआरएस म्हणतात. कागदावर नवऱ्याचे गुण होते ४३५, आणि त्याखाली पेनाने लिहिलेलं ‘+ ५० जॉब ऑफर = ४८५’. त्या मार्चमधले सर्वसाधारण ड्रॉ, म्हणजे निवडीच्या फेऱ्या, ४८१ ते ४९० गुणांच्या दरम्यान लागले होते, त्यामुळे आकडा पटण्यासारखा होता. खरा हिशेब असा आहे : वय ३३, त्याचे ८०. इंजिनिअरिंगच्या पदवीचे ११२. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या चारही भागांत सीएलबी ८ (सीएलबी म्हणजे भाषेची कॅनडाची मोजपट्टी), त्याचे ८८. माझ्या पदवीचे ८, माझ्या इंग्रजीचे १२. पदवीला इंग्रजीची जोड म्हणून १३ आणि तीन वर्षांहून जास्त अनुभवाला इंग्रजीची जोड म्हणून २५. एकूण ३३८. जवळजवळ शंभर गुण त्यांनी मनाने वाढवले होते. त्या कागदावर गुणांची फोड नव्हती, नुसती बेरीज होती. कुणी असा बेरजेचा कागद पुढे केला, तर एकेका ओळीचे गुण मागा आणि कॅनडा सरकारच्या साइटवरच्या मोफत कॅल्क्युलेटरवर ताडून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आम्ही सही केली, दीड लाख रजिस्ट्रेशनचे भरले. त्याची जीएसटीसकट पावती मिळाली, ‘डॉक्युमेंटेशन चार्जेस’ म्हणून. मग सुरू झालं एलएमआयएचं. कॅनडातल्या मालकाला परदेशातून माणूस आणायचा असेल, तर स्थानिक माणूस मिळत नाही हे सरकारला पटवून ही मंजुरी घ्यावी लागते. एका जागेची फी १,००० कॅनेडियन डॉलर, ती मालकाने भरायची असते, आणि कामगाराकडून ती वसूल करायला तिथे कायद्याने मनाई आहे. याच कागदाचे आमच्याकडून सहा लाख घेतले. दोन लाख एका खासगी व्यक्तीच्या खात्यावर, चार लाख रोख, पावती नाही. सासऱ्यांनी पतसंस्थेतली ठेव मोडून दिलेले पैसे होते ते. हा बाजार इतका माजला की २५ मार्च २०२५ पासून कॅनडाने एक्स्प्रेस एन्ट्रीत नोकरीच्या ऑफरला मिळणारे गुणच काढून टाकले. तरीही ‘ऑफर लेटरवर हमखास गुण’ असं सांगून कुणी पैसे मागत असेल, तर तो तुम्हाला गंडवतोय.

पीआरचा सरकारी खर्च किती, तेही सांगते. प्रोफाइल उघडायला एक पैसा लागत नाही. ३० एप्रिल २०२४ ला मोठ्या माणसाची फी १,५२५ डॉलर झाली होती, बायोमेट्रिक्सचे, म्हणजे बोटांच्या ठशांचे, ८५ डॉलर वेगळे. इंग्रजीची परीक्षा आणि पदवीचं मूल्यांकन यांचा खर्च धरला, तरी लाखालाखांच्या हप्त्यांचा इथे काही संबंध येत नाही. आणि ही फी तुमच्या कार्डावरून थेट सरकारी साइटवर भरता येते.

डिसेंबरमध्ये बायोमेट्रिक्सचं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. फक्त नवऱ्याच्या नावाचं. “मॅडमचं आणि बेबीचं पुढच्या टप्प्यात येईल,” असं सांगितलं. तो मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आला, घरात पेढे आणले. ते पत्र माझ्यासमोर आत्ताही आहे. वर उजवीकडे अर्ज क्रमांक आहे आणि तो डब्ल्यू या अक्षराने सुरू होतो. एक्स्प्रेस एन्ट्रीतून पीआरचा अर्ज गेला, तर त्याचा क्रमांक ई ने सुरू होतो. डब्ल्यू म्हणजे वर्क परमिट, एस म्हणजे स्टुडंट, व्ही म्हणजे व्हिजिटर. म्हणजे पीआरचा अर्ज गेलेलाच नव्हता. ज्यांच्या फाइली चालू आहेत त्यांनी हे अक्षर आत्ता उघडून बघावं, म्हणून एवढ्या तपशिलात लिहिते आहे.

पुढचं वर्ष टोलवाटोलवीत गेलं. कधी ऑफिसरची बदली, कधी सिस्टिम अपडेट. आम्ही लॉगिन मागितलं की “सिक्युरिटी पॉलिसीमुळे क्लायंटला देता येत नाही.” ही शुद्ध थाप आहे. ज्याच्या नावाचा अर्ज त्याला तो बघता येतो. एकदा फारच मागे लागलो, तेव्हा एक पीडीएफ पाठवली : ‘तुमचा अर्ज प्रक्रियेत आहे’, वर कॅनडा सरकारचं चिन्ह. मोबाईलवर मोठी करून बघितली तर तारखेचा टाइप बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित जाड होता. माझा सगळा दिवस बिलं आणि व्हाउचर तपासण्यात जातो, त्यामुळे ते डोळ्यांत सलत राहिलं.

नवऱ्याचा कॉलेजचा मित्र कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो. त्याने आमची लेखी संमती घेतली, पाच डॉलर भरले आणि तिथल्या माहितीच्या कायद्याखाली आमच्या फाइलच्या आतल्या नोंदी मागवल्या. तिकडची आपली माणसं त्यांना जीसीएमएस नोट्स म्हणतात. त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघांनी त्या वाचल्या. सस्कॅचवानमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये फूड सर्व्हिस सुपरवायझरच्या जागेसाठी वर्क परमिटचा अर्ज. सोबत पुण्यातल्या एका हॉटेलचं चार वर्षांच्या अनुभवाचं पत्र. माझ्या नवऱ्याने चाकणच्या शॉप फ्लोअरबाहेर कधी नोकरी केलेली नाही. एलएमआयएचा नंबर भलत्याच मालकाचा. अधिकाऱ्याला संशय आला, त्याने बाजू मांडायची संधी देणारं पत्र पाठवलं, मुदत दिली. उत्तर आलं नाही. मग अर्ज फेटाळला आणि तिथल्या इमिग्रेशन कायद्याचं खोट्या माहितीबद्दलचं कलम ४० लावलं. आम्हाला पाठवलेल्या त्या पीडीएफवरची तारीख यानंतरची होती.

पत्रं गेली होती कुठे? नवऱ्याच्या नावात दोन आकडे घुसवून काढलेल्या एका जीमेलवर, जो आम्ही कधी पाहिलाही नव्हता. प्रतिनिधीच्या रकान्यात काहीच नव्हतं. हा या धंद्याचा गाभा आहे. ऑनलाइन अर्जावर सही म्हणजे फक्त नाव टाइप करायचं असतं. एजंट तुमच्या नावाने खातं उघडतो, तुमचं नाव टाइप करतो आणि स्वतःचा कुठेही उल्लेख करत नाही. कॅनडाच्या दृष्टीने तो अर्ज तुम्ही स्वतः घरी बसून भरलेला असतो. तिकडे अशांना घोस्ट कन्सल्टंट म्हणतात. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्या माणसाने ‘प्रतिनिधी नेमल्याचा फॉर्म’, म्हणजे आयएमएम ५४७६, तुमच्याकडून भरून घेतलाच पाहिजे. तो भरून घेतला नसेल तर त्याला स्वतःचं नाव लपवायचं आहे, हे धरून चाला.

कलम ४० म्हणजे पाच वर्षं कॅनडात प्रवेश नाही आणि तेवढ्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही. एजंटने खोटं लिहिलं, आम्हाला माहीत नव्हतं, असं सांगून सहसा सुटका होत नाही. अर्जातल्या मजकुराची जबाबदारी अर्जदाराची धरली जाते. टोरंटोच्या ज्या वकिलांशी बोललो त्यांनी समजावलं की देशाबाहेर झालेल्या अशा निर्णयाविरुद्ध तिथल्या फेडरल कोर्टात जायला ६० दिवस असतात, निर्णय कळल्यापासून. आता कधी कळलं हे सिद्ध करण्यापासून आमची सुरुवात आहे. शिवाय दुसऱ्या देशाच्या व्हिसा फॉर्मवर ‘कधी व्हिसा नाकारला गेला आहे का’ हा प्रश्न असतोच. तिथे ‘हो’ लिहून सगळं पुन्हा सांगावं लागणार आहे. नवरा त्या विषयावर घरात बोलत नाही.

भिंतीवरच्या लायसन्सची गोष्ट राहिली. कॅनडात इमिग्रेशन कन्सल्टंटवर नियंत्रण ठेवणारी ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ ही संस्था नोव्हेंबर २०२१ पासून काम करते. तिच्या साइटवर सगळ्या परवानाधारकांचं रजिस्टर खुलं आहे. फ्रेममधला नंबर तिथे सापडतो, नावही जुळतं. म्हणून नुसता नंबर जुळला यावर थांबू नका. तो परवाना ज्या बाईंचा, त्यांना आम्ही रजिस्टरमधल्या पत्त्यावर मेल केला. त्या ओंटारिओत राहतात, पुण्यातल्या या ऑफिसशी त्यांचा काडीचा संबंध नाही, आणि असा मेल करणारे आम्ही पहिले नव्हतो. पैसे देण्याआधी परवानाधारकालाच रजिस्टरमधल्या ईमेलवर विचारा : ही शाखा तुमची आहे का, माझा करार तुमच्याशी होणार आहे का?

ऑफिसात जाब विचारायला गेलो, तर त्यांनी करार पुढे केला. ‘निर्णय सर्वस्वी त्या देशाच्या सरकारचा, शुल्क परत मिळणार नाही.’ ताई म्हणणारा मुलगा नोकरी सोडून गेला होता. आम्ही आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज दिला आहे. तिथे दोन गोष्टी उपयोगी पडल्या. पैसे १ जुलै २०२४ च्या आधीचे असतील तर तक्रार जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली जाते, नंतरचे असतील तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली. दुसरं, त्यांनी आम्हाला परदेशातली नोकरी विकली. त्यासाठी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली रिक्रूटिंग एजंट म्हणून नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते, आणि नोंदणी असलेल्या एजंटलाही ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. यांची नोंदणी नव्हती. म्हणून हा कायदा बघणाऱ्या मुंबईच्या सरकारी कार्यालयाकडे, म्हणजे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडेही तक्रार केली आहे. पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील तर थांबू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी.

आमच्यासारखेच आणखी काही जण त्या ऑफिसच्या दारात भेटले. एक आई तर मुलाच्या बायोमेट्रिक्सचं पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून घेऊन आली होती. मी नंबर बघितला, डब्ल्यू. त्यांना ते सांगताना माझ्याच्याने बोलवेना. पण त्यांचा अर्ज अजून निकाली निघालेला नव्हता, एवढं चांगलं झालं.

तुमचा अर्जही अजून अडकलेला असेल, तर एजंटशी भांडण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सगळ्या चॅट, पावत्या, पत्रं यांची प्रत काढून ठेवा, कारण भांडणानंतर ते ग्रुप डिलीट करतात. मग कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवरच्या वेब फॉर्ममधून अर्ज क्रमांक, पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख देऊन तुमचा स्वतःचा ईमेल कळवा, आणि तुमच्या नावाने काय काय जोडलं गेलं आहे याची लेखी विचारणा करा. खोटा कागद गेला असेल तर अधिकाऱ्याचं पत्र यायची वाट न बघता परवाना असलेल्या वकिलाला गाठून खरी परिस्थिती स्वतःहून कळवायची की अर्ज मागे घ्यायचा, हे ठरवा. वेब फॉर्म भरायला पैसे पडत नाहीत आणि एजंटची परवानगीही लागत नाही.