सुई, इंजेक्शन की ऑपरेशन? आधी गादी फुटली आहे का ते विचारा

बडोद्यात कोणी कंबरेवर हात ठेवून जिना उतरताना दिसला की शेजारच्या काकांचं निदान तयार असतं: ‘गादी खसी गई छे.’ दांडिया बाजारातल्या आमच्या भाऊजींच्या बाबतीत ते खरंही निघालं. एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली गादी, कळ डाव्या पोटरीपर्यंत. मग तीन दारं, तीन सल्ले. एका हॉस्पिटलात ‘सुईनं करू, टाका नाही, संध्याकाळी घरी’. दुसरीकडे ‘ऑपरेशनच करून टाका’. फिजिओथेरपीच्या ताई म्हणाल्या, ‘अजून महिनाभर थांबा.’ ताईंचा सल्ला सगळ्यात स्वस्त, म्हणून घरात कोणी तो मनावर घेतला नाही.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. ‘सुईचं ऑपरेशन’ म्हणून तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. एक, नसेभोवती स्टेरॉइडचं इंजेक्शन. त्यात गादीला हातही लागत नाही. दुसरी खरी प्रोब: जेमतेम दीड मिलिमीटर जाडीची सुई, थेट गादीच्या आत. तिसरं दुर्बिणीचं ऑपरेशन. छेद सात-आठ मिलिमीटरचा असला तरी चिमट्यानं तुकडा काढतात, म्हणजे ते ऑपरेशनच. इस्टिमेटवर यातलं नेमकं काय लिहिलंय हे कळल्याशिवाय दर ताडून पाहण्यात अर्थ नाही.

प्रोबसाठी पालथं झोपवतात, जागा बधिर करतात आणि सी-आर्म मशीनवर एक्स-रे बघत सुई सरकवतात. पेशंटला शक्यतो जागं ठेवतात, कारण नसेला धक्का लागला तर ‘पायात करंट गेला’ हे त्यालाच सांगता येतं. आत पोचल्यावर प्रकार बदलतात. न्यूक्लिओप्लास्टीत टोकाशी प्लाझ्मा (विद्युतभारित वायू, रक्तातला नव्हे) तयार होऊन ४० ते ७० अंशांवर गादीतला मऊ गर विरघळतो, दुसऱ्या प्रकारात फिरता स्क्रू गर ओढून घेतो, तिसऱ्यात लेझर. तिन्हींत निघतो तो एखादा मिलिलिटर. पण गादी ही बंद डबी आहे; आतलं थोडंसं कमी झालं तरी दाब बराच उतरतो आणि नसेवरचा फुगवटा मागे सरतो.

सगळं अडलंय ते ‘बंद’ या शब्दापाशी. करंजी (इथले लोक घुघरा म्हणतात) नुसती फुगली असेल तर टोचून हवा काढता येते. कड उसवून सारण तुपात पसरलं असेल तर टोचून काय उपयोग? तसंच हे. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘बल्ज’ किंवा ‘प्रोट्रूजन’ असेल तर प्रोबचा विचार होऊ शकतो. ‘एक्स्ट्रूजन’ किंवा ‘सिक्वेस्ट्रेशन’ लिहिलं असेल तर गर कडेबाहेर आलाय, प्रोबचा विषय तिथंच संपला. सुकून निम्मी उरलेली गादी, मणका पुढे सरकलेला, मज्जारज्जूची वाट अरुंद झालेली, यातही ती चालत नाही. कंबर जास्त आणि पाय कमी दुखत असेल तरी फारशी आशा नको. म्हणजे प्रोबला योग्य पेशंट कोण? गादी ओली, फुगवटा छोटा, कळ मुख्यतः पायात, आणि सहा आठवडे नीट उपचार करूनही आराम नाही. जाहिरातीत मात्र ‘कंबरदुखी, मानदुखी, सायटिका’ असा सरसकट फलक असतो.

गंमत अशी की एमआरआयवर सगळ्यात भयंकर दिसणारा, बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतःच विरघळवतं, आणि छोट्या फुगवट्यापेक्षा तो विरण्याची शक्यता जास्त. म्हणून मला वाटतं, प्रोबची खरी स्पर्धा ऑपरेशनशी नाही, थांबण्याशी आहे. २००७ मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास आला. सहा ते बारा आठवडे सायटिकाची, म्हणजे कंबरेतून पायात उतरणारी, तीव्र कळ सोसलेल्या २८३ जणांपैकी निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, बाकीच्यांना थांबवलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षाअखेरीस दोन्हीकडे ९५ टक्के लोक बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र शेवटी ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे ऑपरेशनमुळे काही महिन्यांची कळ वाचते. ज्याची रोजची फेरी स्कूटरवरून मकरपुरा जीआयडीसीपर्यंत आहे, त्याच्यासाठी ते महिने काही थोडे नाहीत.

इंजेक्शन गादी दुरुस्त करत नाही. सूज उतरवतं, काही आठवडे किंवा महिने झोप देतं, तेवढ्यात व्यायाम सुरू करता येतो. मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढते, तेव्हा श्रीखंडाचा डबा दूर ठेवा. प्रोबआधी हा टप्पा घ्यावा असं माझं मत. इंजेक्शनचा उपयोग न झालेल्यांत पुन्हा इंजेक्शन देण्यापेक्षा न्यूक्लिओप्लास्टी सरस ठरल्याचा एक अभ्यास २०१० चा आहे. त्याचा खर्च यंत्र बनवणाऱ्या कंपनीनंच केला होता, हेही लक्षात असू द्या.

मायक्रोडिसेक्टॉमीत, म्हणजे गादीचा तुकडा काढायच्या नेहमीच्या ऑपरेशनात, दोन-तीन सेंटिमीटरचा छेद, बहुधा पूर्ण भूल, एक-दोन रात्री मुक्काम. पायाची कळ सगळ्यात खात्रीनं हीच घालवते. शंभरातल्या पाच ते पंधरा जणांची गादी पुन्हा बाहेर येते. पाऊल उचलताना लटकत असेल तर मात्र तुलना करत बसू नका, त्याच आठवड्यात सर्जन गाठा. लघवी अडली किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला तर त्याच रात्री इमर्जन्सी.

पायात काहीच नाही, नुसती कंबर दुखते, अशांना गादीची कड तापवणारी वायर सुचवली जाते. तिचे दोन नेटके अभ्यास झाले. २००४ मध्ये निवडक ६४ जणांत थोडा फायदा दिसला. २००५ मध्ये ५७ जणांत खोट्या उपचाराइतकाच, म्हणजे काहीच नाही. २००८ पासून अमेरिकेची मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना गादी तापवण्याच्या उपचारांचे पैसे देत नाही. त्याआधी पपईच्या चिकातलं एन्झाइम गादीत टोचायचे. १९६४ मध्ये सुरुवात, १९८२ मध्ये अमेरिकेत मंजुरी, आणि पुढे ॲलर्जीच्या गंभीर प्रकारांमुळे ते मागे पडलं. दर पिढीची एक सुई असते.

मानेचं गणित वेगळं. तिथं सुई पुढून, अन्ननलिका आणि मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी यांच्या मधून जाते, तेव्हा करणाऱ्याचा हात किती सरावाचा आहे हे जास्त महत्त्वाचं. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, चाल डगमगते, असं असेल तर मज्जारज्जू दबला असण्याची शंका घ्यावी. त्यात प्रोब नको.

पैशाचं एवढंच: प्रोब एकदाच वापरून फेकायची असते, बिलातला मोठा आकडा तिचाच. मेडिक्लेम असेल तर ही प्रक्रिया मान्य आहे का, हे टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणारी संस्था) आधी लेखी घ्या. नंतर सगळेच फोन उचलायचे बंद होतात.

भाऊजींना सुईचं पॅकेज सांगणाऱ्यांनी फक्त रिपोर्टचा शेवटचा परिच्छेद वाचला होता. दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआयची सीडी लावली आणि दोन मिनिटांत म्हणाले, ‘तुकडा बाहेर आहे, सुई कुठं घालणार?’ एक इंजेक्शन झालं. आता नववा आठवडा. सयाजीबागेत दोन फेऱ्या होतात, तिसरीला बाक लागतो. ऑपरेशनची तारीख त्यांनी सोडलेली नाही, फक्त महिनाभर पुढे ढकलली आहे.