रीआकॉम्प आणि रीआव्हर्बेट: आठ महिने हलगीवर घासल्यानंतर

रीआकॉम्प आणि रीआव्हर्बेट हे रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधले दोन प्लगिन, म्हणजे आवाजावर काम करणारी छोटी साधनं. आधी ते कुठे वापरलेत ते सांगतो. दहा बाय दहाची खोली, एका भिंतीला गाद्यांचा ढीग, दुसऱ्या भिंतीला लोखंडी कपाट. किक (बीटमधला खालचा, जड ठोका) जरा मोठी लागली की कपाटही वाजतं. नोकरीवरून आल्यावर रात्री दहानंतर बसतो, त्यामुळे बहुतेक काम हेडफोनवर. भाचा आणि त्याचे दोन मित्र या बीट्सवर रॅप करतात. आठ महिन्यांत अकरा बीट झाले, त्यातले ऐकवण्यासारखे चार.

रीपर ६० दिवस सगळ्या सोयींसकट वापरून बघता येतं. मी बघितलं आणि मग ६० डॉलरचं वैयक्तिक लायसन्स घेतलं. रीआकॉम्प हा कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारा) आणि रीआव्हर्बेट हा रिव्हर्ब (आवाजाला खोलीसारखी घुमणारी शेपटी देणारा) त्यातच येतात. दिसायला दोन्ही रेशनकार्डाच्या फॉर्मइतके साधे. ना लाकडी कडा, ना डुलणारा काटा. म्हणूनच की काय, मध्ये मी दुसरा एक चकचकीत, पैशाचा रिव्हर्ब सेलमध्ये उचलला. त्याचे पैसे वाया गेले, पण चूक माझीच होती.

झालं असं. गावी काकांच्या अंगणात हलगी रेकॉर्ड केली, फोनवरच. काकांनी ती आधी विस्तवावर चांगली तापवून घेतली होती, त्यामुळे कातडं ताणून थाप कडक येत होती. घरी आल्यावर ९० बीपीएमचा (मिनिटाला ९० ठोके) बीट, खाली ८०८ या जुन्या ड्रम मशीनची किक, वर ही हलगी. ‘पंच’ पाहिजे म्हणून रीआकॉम्प लावला: थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर दाबायचं ती) पार खाली, रेशो (किती दाबायचं) ८:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) शून्य. हलगीचं पुठ्ठ्याचं खोकं झालं. शिवाय प्रत्येक थापेनंतर मागून काहीतरी गढूळ वर यायचं. मला वाटलं, रिव्हर्ब जास्त झाला. कमी केला, तरी तेच. मग तो पैशाचा आणला, तरी तेच. दोन महिने यात गेले.

एका रात्री वैतागून रिव्हर्बचा ट्रॅकच म्यूट केला. गढूळपणा जागच्या जागी. आणि दोन थापांच्या मध्ये चक्क काकांची कोंबडी ऐकू आली!

म्हणजे तो रिव्हर्ब नव्हता, अंगण होतं. रेशो ४:१ असेल तर थ्रेशोल्डच्या १२ डेसिबल वर गेलेला आवाज फक्त ३ डेसिबल वर राहतो. थाप अशी ९ डेसिबलने खाली दाबली आणि मेक-अपने (दाबल्यावर कमी झालेला आवाज परत वाढवण्याची सोय) सगळंच ९ डेसिबल उचललं, की थाप होती तिथेच येते, पण तिच्यामागची भिंत, पंखा, कोंबडी सगळं ९ डेसिबलने पुढे सरकतं. घरी रेकॉर्ड केलेल्या आवाजात खोली आधीच असते, कंप्रेसर फक्त तिला आवाज देतो. तेव्हापासून रिव्हर्ब जास्त वाटला की मी आधी कंप्रेसर उघडतो.

आता हलगीवर अटॅक २५ ते ३० मिलिसेकंद ठेवतो. थापेचं टोक सुटून जातं आणि मागचा भाग दाबला जातो. रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) साधारण १६० मिलिसेकंद, कारण ९० बीपीएमला सोळांश नोट, म्हणजे एका ठोक्याचा चौथा भाग, १६७ची पडते आणि पुढच्या थापेआधी कंप्रेसरने हात काढलेला बरा. दाब ४-५ डेसिबल, त्यापुढे नाही. ऑटो मेक-अप बंद. तो चालू असला की आवाज मोठा होतो आणि मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. प्लगिन चालू-बंद करून पातळी हाताने जुळवा, मग ठरवा.

मध्ये ११७६ या जुन्या कंप्रेसरची एक फुकट नक्कलही लावून पाहिली. मूळ यंत्र १९६७चं, बिल पटनम यांचं. त्याचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद आणि बटण उजवीकडे फिरवलं की वेग वाढतो. मी सवयीने उजवीकडे फिरवून ‘हळू केला’ म्हणत बसलो होतो. नीट फिरवलं असतं तरी सर्वात हळू म्हणजे ०.८ मिलिसेकंद, तेवढ्यात हलगीची थाप कसली सुटतेय.

सगळे ड्रम एका बसवर, म्हणजे एकाच सामाईक ट्रॅकवर, घेतले की ८०८मुळे हलगीही खाली बसायची. रीआकॉम्पमध्ये डिटेक्टरला (आवाज किती मोठा ते मोजणारा भाग) हायपास (खालचे सूर गाळणारी चाळणी) आहे, तो १२० हर्ट्झला ठेवला. किक वाजते, पण कंप्रेसरला ती फारशी दिसत नाही.

रीआव्हर्बेट वेगळ्या ट्रॅकवर, सेंडने (मूळ ट्रॅकमधून आवाजाची एक प्रत तिकडे पाठवून), ड्राय म्हणजे रिव्हर्ब नसलेला कोरडा आवाज पूर्ण बंद. इनिशियल डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीचा थांबा) ४२ मिलिसेकंद, म्हणजे ९० बीपीएमला चौसष्टांश नोट, एका ठोक्याचा सोळावा भाग. अ‍ॅबी रोड स्टुडिओच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती इथे फार कामाची: रिव्हर्बकडे जाणाऱ्या आवाजातून ६०० हर्ट्झच्या खालचं आणि १० किलोहर्ट्झच्या वरचं कापा. किक आणि ८०८ला रिव्हर्ब नाहीच. रॅपच्या रिव्हर्बवर आणखी एक रीआकॉम्प बसवला आणि त्याच्या डिटेक्टरला कोरडा आवाज दिला. शब्द चालू असताना रिव्हर्ब दबतो, भाचा श्वास घ्यायला थांबला की उमलतो. आठ महिन्यांत जमलेली ही सगळ्यात लाडकी गोष्ट.

लांब शेपटी हवी असेल तेव्हा मी रीपरमधलाच रीआव्हर्ब घेतो, तो इम्पल्स फाइल, म्हणजे खऱ्या जागेच्या घुमण्याचं रेकॉर्डिंग, वाचतो. गावच्या देवळाच्या सभामंडपात फुगा फोडून रेकॉर्ड केला आणि तोच त्यात टाकला. दर्शनाला आलेल्या आजींनी कोणाचा वाढदिवस म्हणून विचारलं.

मास्टरवर, म्हणजे सगळं एकत्र येतं त्या शेवटच्या ट्रॅकवर, आता १-२ डेसिबलच्या पुढे दाबत नाही. स्पॉटिफाय मुळात आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास आणतं, मग उगाच पिळायचं कशाला? आणि तेवढ्या दाबानेही रिव्हर्ब वर येतोच, म्हणून शेवटी सेंड दोन डेसिबल खाली घेतो. तपासणी फोनच्या स्पीकरवर आणि मित्राच्या रिक्षात.

कोंबडी अजून आहे, अगदी बारीक. काढायला घेतली तर भाच्याने हात धरला.