घाट चढायला 34 दात्यांचा कॉग: शिमानो एचजी800 कॅसेट

सिंहगड किंवा पसरणी घाट रोड बाइकवर चढायचा असेल, तर हलक्या चाकांवर पैसे घालण्याआधी कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा (कॉगचा) संच बदला. शिमानोची सीएस-एचजी800, म्हणजे 11 स्पीडची 11-34 कॅसेट (सर्वांत लहान कॉग 11 दात्यांचा, सर्वांत मोठा 34 चा), 11-28 वाल्यांसाठी पुरेपूर पैसे वसूल करणारी आहे.

साधा हिशोब बघा. पुढे 34 ची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागे 28 असेल, तर 60 च्या केडन्सला (मिनिटाला पेडलचे 60 फेरे) ताशी सव्वानऊ किमी वेग ठेवावाच लागतो. मागे 34 असेल तर साडेसात पुरतो. सायकल आणि स्वार मिळून 80 किलो धरले, तर 10 टक्के चढावर नुसत्या उंचीसाठी मागे 28 असताना सुमारे 200 वॅट लागतात, 34 असताना 165. तेवढे 200 वॅट पायात नसले की केडन्स 45 वर येतो आणि सगळा भार गुडघ्यांवर पडतो. पावसाळ्यात आणखी एक फायदा: सीटवर बसूनच पेडल मारता येतं, त्यामुळे ओल्या, शेवाळलेल्या वळणावर मागचं चाक सटकत नाही.

‘सपाटीला गिअर कमी पडतील’ ही भीती बरेच जण घालतात. दोन्ही कॅसेटचे दाते शेजारी मांडा. 15, 17, 19, 21, 23, 25 दोन्हीकडे तेच! जातात ते 12 आणि 14. 28 च्या जागी 27 येतो, वर 30 आणि 34 मिळतात. म्हणजे 50 च्या चेनरिंगवर ताशी 38 किमीच्या पुढे गेल्यावरच फरक जाणवणार. ग्रुपमध्ये जोरात पळणाऱ्यांना तो खटकेल, बाकीच्यांना नाही.

बसवताना मात्र घाई नको. ही कॅसेट 11 स्पीड रोड हबवर (मागच्या चाकाच्या मधल्या भागावर) चढवताना आत आधी 1.85 मिमीचा स्पेसर, म्हणजे जागा भरणारी रिंग घालावी लागते. ती बॉक्समध्येच येते आणि बसवताना हमखास विसरली जाते. मग लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी रिंग) 40 न्यूटन मीटरला आवळली तरी कॅसेट खुळखुळते आणि गिअर आपोआप उड्या मारतात.

डिरेलर (चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) लांब केजचा, म्हणजे पुल्या धरणारी पट्टी लांब असलेला जीएस हवा. शिमानोच्या 105 आर7000 किंवा अल्टेग्रा आर8000 चा जीएस 34 पर्यंत अधिकृतपणे चालतो. एसएसची, म्हणजे आखूड केजची मर्यादा 30 आहे. जुन्या 105 5800 च्या जीएसची 32, त्यामुळे तिथे आम्ही हिला होकार देणार नाही.

जुनी चेन बहुतेक वेळा आखूड पडते. ती डिरेलरमध्ये न ओवता पुढच्या मोठ्या चेनरिंगवरून आणि मागच्या 34 वरून फिरवा, जुळेल तिथून दोन लिंक जास्त ठेवा. आखूड चेनवर चुकून मोठ्यावर मोठा गिअर पडला, तर डिरेलर हँगरसकट (तो फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्यासकट) मोडतो. चेन 0.5 टक्के ताणली गेली असेल तर नवीच घाला, नाहीतर नव्या कॅसेटवर ती जोर लावताच घसरते. मग डिरेलरचा बी-स्क्रू फिरवून त्याची वरची पुली 34 पासून पाच-सहा मिमीवर आणा. चेनला मोठ्या कॉगच्या पलीकडे जाऊ न देणारा एल-स्क्रूही तपासा, नाहीतर चेन स्पोकमध्ये जाते.

वजन सुमारे 335 ग्रॅम, म्हणजे 11-28 पेक्षा थोडं जास्त. चढावर ते कळतही नाही. पॅनिअर (चाकाशेजारच्या पिशव्या) लावून सामानासकट घाट चढणाऱ्यांना मात्र ही कॅसेट अपुरी पडेल. त्यांनी सोबत 46/30 चा, म्हणजे 46 आणि 30 दात्यांच्या चेनरिंगचा क्रँक बघावा.