मॅनेज्ड सर्व्हरचं एसएसएच, चार महिने वापरून

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानाची वेबसाईट मी बघतो, ऐन हंगामात शेअर्ड होस्टिंग (अनेक साईट्सचा सामाईक सर्व्हर) सारखं बसायला लागलं म्हणून शेठनी फेब्रुवारीत मॅनेज्ड सर्व्हर (ज्याची देखभाल कंपनीच करते) घेऊन दिला. कंपनीचं नाव घेत नाही कारण एक तक्रार आहे, पण एसएसएचवर, म्हणजे लांबच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करून कमांड द्यायच्या सोयीवर, मी मनापासून खूश आहे.

तक्रार आधी. पहिल्या मेलमध्येच युजरनेम आणि पासवर्ड उघडा पाठवला! १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले म्हणून तर तिथल्याच टाटू युलोनेन या संशोधकानं एसएसएच लिहिलं, आणि तुम्ही तोच पासवर्ड मेलवर देताय. मी लगेच ईडी२५५१९ प्रकारची की (पासवर्डऐवजी लॉगिनला चालणारी डिजिटल किल्ल्यांची जोडी) बनवली, आपल्याकडं राहणाऱ्या खाजगी कीला पासफ्रेज म्हणजे तिचा स्वतःचा पासवर्ड घातला, कंपनीच्या वेब पॅनलमध्ये सर्व्हरला द्यायची पब्लिक की टाकली आणि पासवर्ड लॉगिन बंदच केलं.

की टाकताना माझा अख्खा तास गेला. पुट्टीजेनमध्ये (विंडोजवरच्या पुट्टी या एसएसएच प्रोग्रॅमसोबतचं की बनवायचं साधन) 'सेव्ह पब्लिक की' केलेली फाईल पॅनल घेतच नव्हतं, कारण ती फाईल पाच-सहा ओळींची वेगळ्या फॉरमॅटची असते, सर्व्हरला लागते ती वरच्या चौकटीतली एकच लांब ओळ, तीच कॉपी करायची. हे त्यांच्या हेल्प पेजवर कुठंच नाही. विंडोज १० किंवा ११ असेल तर पुट्टी नसलं तरी चालतं, ओपनएसएसएच हा एसएसएचचाच प्रोग्रॅम त्यातच मिळतो.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे सर्व्हरचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्याच्या कीची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ, पॅनलवर दिलाय. पहिल्यांदा कनेक्ट करताना स्क्रीनवर तो येतो आणि आपण सगळे न बघता यस दाबतो, मीसुद्धा इतकी वर्षं तेच करत होतो. इथं अक्षर न अक्षर ताडून बघितलं, आपण आपल्याच सर्व्हरशी बोलतोय याची खात्री तिथंच होते.

रूट (सर्व्हरचं पूर्ण अधिकाराचं खातं) मिळत नाही, सुडो (त्याच अधिकारानं कमांड चालवायची सोय) पण नाही, अपडेट कंपनीवालेच करतात. मला चालतंय. टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरवरचं काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) मात्र आधीच टाकलेलं होतं, हे लई बरं झालं, मेमध्ये वळवाच्या पावसात लाईट गेली आणि राऊटर बंद पडला तरी त्यात लावलेलं डेटाबेसचं इम्पोर्ट तिकडं चालूच राहिलं, परत जोडून बघतो तर काम पुरं.

हाताखालचा पोरगा गेल्या महिन्यात पुण्याला नोकरीला गेला. त्याची की वेगळी होती, पॅनलमधून ती एक ओळ काढली, बाकी कुणाला काही बदलावं लागलं नाही.