न्यूमोनिया, वय आणि एमडीकॅल्कवरची दोन गणनयंत्रे

न्यूमोनियाच्या रुग्णाला दाखल करून घ्यायचे की औषधे देऊन घरी पाठवायचे, हे ठरवताना मी एमडीकॅल्क या मोफत संकेतस्थळावरची दोन गणनयंत्रे नेहमी वापरतो: कर्ब-६५ आणि पीएसआय, म्हणजेच न्यूमोनिया सिव्हिअरिटी इंडेक्स. दोन्ही उपयोगाची आहेत. पण वयाचा हिशेब दोन्हींत इतका वेगळा आहे की, एरवी ठणठणीत असलेल्या रुग्णाच्या बाबतीत एकावरच विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते.

कर्ब-६५ हे २००३ साली ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधील रुग्णांच्या नोंदींवरून तयार झाले. नव्याने आलेला संभ्रम, वाढलेला यूरिया, मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास, उतरलेला रक्तदाब आणि ६५ किंवा त्यापुढचे वय, यांना प्रत्येकी एक गुण मिळतो. बेरीज ० किंवा १ असेल तर मृत्यूचा धोका ३ टक्क्यांहून कमी, २ असेल तर ३ ते १५ टक्के आणि ३ किंवा अधिक असेल तर १५ टक्क्यांहून अधिक मानतात. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरला हे तोंडपाठ असते, ही त्याची मोठी जमेची बाजू. वयाच्या बाबतीत मात्र ते फारच ढोबळ आहे, कारण ६४ व्या वर्षी शून्य, ६५ व्या वर्षी एक आणि ९० व्या वर्षीही एकच गुण. त्यात उतारवयात धमन्या कडक झाल्याने खालचा रक्तदाब ६० किंवा त्याहून कमी असणे अनेकांत नेहमीचेच असते, आणि त्याचाही एक गुण धरला जातो. म्हणजे सकाळी स्वतः बाजारहाट करणाऱ्या ७० वर्षांच्या माणसाचे दोन गुण न्यूमोनियाने काही बिघडवण्याआधीच भरलेले असू शकतात.

१९९७ चा पीएसआय या बाबतीत अधिक बारकाईने पाहतो. पुरुषाचे जितके वय तितके गुण आणि स्त्रीच्या वयातून १० वजा, अशी सुरुवात करून त्यात आजार, तपासण्या आणि एक्स-रे यांचे गुण मिळवायचे असतात. पण इथे वयाचे वजन इतके होते की ९२ वर्षांचा निरोगी पुरुष, बाकी सगळे ठीक असतानाही, केवळ वयामुळे धोक्याच्या पाच वर्गांपैकी चौथ्या वर्गात जातो, ज्या वर्गातील मृत्यूचे प्रमाण ८ ते ९ टक्के आहे. याच्या उलट बाजूची मला जास्त काळजी वाटते. ३० वर्षांचा तरुण, श्वास मिनिटाला ३२, वरचा रक्तदाब ८५: वयाचे ३०, श्वासाचे २० आणि रक्तदाबाचे २० मिळून ७० गुण होतात, आणि ७० पर्यंतचा रुग्ण दुसऱ्या, म्हणजे कमी धोक्याच्या वर्गात मोडतो. असा रुग्ण घरी पाठवण्याजोगा मुळीच नसतो. कर्ब-६५ त्याला निदान २ गुण देऊन थांबवते.

वय वाढले की खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते, फुफ्फुसांची लवचीकता घटते आणि प्रतिकारशक्तीही उतरते, त्यामुळे निरोगी म्हाताऱ्या माणसालाही न्यूमोनिया जड जातो, यात शंका नाही. तरी एकाच वयाच्या दोघांमध्ये जो फरक असतो, तो आजारापूर्वी कोण किती हिंडत-फिरत होता यावरून जास्त कळतो, आणि हा प्रश्न दोन्ही गणनयंत्रे विचारतच नाहीत. तो नातेवाइकांना आपणच विचारावा लागतो. वृद्धांना कधी कधी ताप किंवा खोकला न येता नुसती भूक मंदावते किंवा तोल जातो, हेही आकड्यांत मावत नाही. आणि कमी ऐकू येणाऱ्या आजींनी प्रश्नाचे उत्तर दिले नाही म्हणून तो संभ्रमाचा गुण धरणे तर अन्यायच.

अमेरिकेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना, डॉक्टरच्या स्वतःच्या निर्णयाच्या जोडीने, पीएसआयला पसंती देतात. माझी पसंतीही, हाताशी तपासण्या आणि वेळ असेल तर, तीच आहे. बाह्यरुग्ण विभागात कर्ब-६५ चेच यूरियाविना चालणारे रूप, सीआरबी-६५, पुरते, पण ते वापरताना ऑक्सिमीटर जवळ हवाच, कारण त्यात ऑक्सिजनचा विचारच नाही.

आपल्याकडच्या डॉक्टरांनी एक गोष्ट अवश्य पाळावी. एमडीकॅल्कवर कर्ब-६५ च्या यूरियाच्या रकान्यातली १९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा यूरिया नायट्रोजनची, म्हणजे यूरियातल्या फक्त नायट्रोजनच्या भागाची आहे, आणि आपल्या बहुतेक लॅब रिपोर्टवर ब्लड यूरिया छापलेला असतो, ज्याची तीच मर्यादा सुमारे ४२ पडते. रिपोर्टवरचा ३० थेट तिथे लावला, तर निरोगी रुग्णाला एक गुण फुकट चिकटतो.